मूतखडा, उपवास आणि झाशीचा उन्हाळा

मूतखड्याला आयुर्वेदात ‘अश्मरी’ म्हणतात. सुश्रुताचार्यांनी तिचे चार प्रकार सांगितले आहेत, म्हणजे हा विकार आजचा नव्हे. मात्र तो होण्यात हवामानाचा वाटा मोठा असतो. नेवाळकरांच्या काळापासून झाशीत राहिलेली मराठी घरे बुंदेलखंडाचा उन्हाळा चांगला ओळखतात. मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या घरात जातो, लू वाहते, अंगातले पाणी घामावाटे निघून जाते आणि लघवी थोडी व दाट होते. मिठाचे पाणी आटवले की तळाशी खडे धरतात, तसेच मूत्रपिंडातही क्षार साचू लागतात. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात.

याच दिवसांत ज्येष्ठ शुद्ध एकादशी, म्हणजे निर्जला एकादशी येते. ज्या साधकांना एकदा मूतखडा होऊन गेला आहे, त्यांनी हे व्रत पाण्याविना करू नये. असे सांगितले की अनेकांना व्रतभंगाची भीती वाटते. पण ज्या आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही असे धर्मशास्त्रात सांगितले आहे, त्यांत पाणी पहिले आहे. फळे, दूध, औषध आणि गुरुवचनही त्यांत येते. तेव्हा श्रद्धेने पाणी पिऊन नामस्मरण करावे. जपाच्या वेळी उठावे लागू नये म्हणून एरवीही पाणी टाळणारे साधक आहेत. त्यापेक्षा एकदा उठलेले बरे!

पाणी किती प्यावे? दिवसभरात २ ते २.५ लिटर लघवी व्हावी इतके. झाशीच्या उन्हात त्यासाठी ३ लिटरही पुरत नाही. सोपी खूण म्हणजे लघवीचा रंग फिकट असावा. रात्री झोपण्यापूर्वीही पेलाभर पाणी घ्यावे. लिंबातील सायट्रेट खडा धरू देत नाही, म्हणून लिंबूपाणी उत्तम. त्यात साखर-मीठ मात्र अगदी बेताचे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

उपवासाच्या ताटाकडेही पाहिले पाहिजे. शेंगदाणे, राजगिरा, रताळे, बदाम यांत ऑक्झलेट बरेच असते. दिवसभर तेच खाल्ले आणि पाणी कमी प्यायले, तर उपवास मूतखड्याला आमंत्रण ठरतो. सैंधव चालते म्हणून ते सढळ हाताने घालतात, पण सैंधव हेही मीठच. मीठ वाढले की लघवीतून कॅल्शियम जास्त जाते. दिवसभरात सगळे मिळून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे लहान चमचाभर मीठ पुरे. पापड, लोणचे, शेव-नमकीन यांतले मीठही त्यातच मोजावे.

‘खडा कॅल्शियमचा, म्हणून दूध-दही बंद’ हा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. जेवणातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवते आणि ते शौचावाटे निघून जाते. दूध-दही बंद केले तर उलट ऑक्झलेट जास्त शोषले जाते. आपल्याकडे पालक, अळू ताकात शिजवतात, ते किती योग्य आहे पाहा! पालक आधी उकळून ते पाणी टाकले तर ऑक्झलेट आणखी कमी होते. साबुदाण्याच्या खिचडीबरोबरही वाटीभर दही घ्यावे. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. त्यांचेही शरीरात ऑक्झलेट बनते.

कुळीथ अश्मरीवर परंपरेने सांगितला आहे. कुळथाचे कढण किंवा पिठले आहारात जरूर असावे, पण मोठा खडा त्याने विरघळेल या आशेवर सोनोग्राफी पुढे ढकलू नये. काढलेला किंवा पडलेला खडा टाकून न देता तपासायला द्यावा, कारण युरिक ॲसिडच्या खड्याचे पथ्य वेगळे असते. कंबरेतून जांघेकडे जाणारी कळ आणि त्याबरोबर ताप, थंडी किंवा सतत उलट्या असतील, अथवा लघवी अडली असेल, तर घरगुती उपाय थांबवून त्याच दिवशी रुग्णालयात जावे.