सह्याद्रीचं पाणी आणि आपली परडी

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

भक्तजनहो, मार्गशीर्ष पौर्णिमेला आपण दत्तजन्माचा पाळणा हलवतो. दत्तमहाराजांचं नाव घेतलं की सह्याद्री आठवतोच. हा पर्वत शास्त्रात कसा सांगितला आहे, ते थोडं पाहू.

पुराणांत भारतवर्षाचे सात कुलपर्वत सांगितले आहेत: महेंद्र, मलय, सह्य, शुक्तिमान, ऋक्ष, विंध्य आणि पारियात्र. यांतला सह्य तोच आपला सह्याद्री. विष्णुपुराण त्याची ओळख नद्यांवरून देतं. गोदावरी, भीमरथी म्हणजे भीमा, कृष्णवेणी म्हणजे कृष्णा, या त्याच्या लेकी. आता आपली दत्तस्थानं आठवा. औदुंबर, नरसोबाची वाडी, कुरवपूर ही कृष्णेवर, गाणगापूर भीमेवर. तिथे आपण स्नान करतो ते पाणी मुळात सह्याद्रीचंच.

जवळचं उदाहरण आंबोलीचं. माथ्यावरचा पाऊस दोन वाटांनी जातो. पश्चिमेचं पाणी घाट उतरून अरबी समुद्राला मिळतं. पूर्वेचं हिरण्यकेशी होऊन घटप्रभेत आणि पुढे कृष्णेत जातं. तेच पाणी कुरवपुरास श्रीपाद श्रीवल्लभांच्या स्थानाला वळसा घालतं. घाटाखालच्या माणगावात तर १८५४ साली टेंबेस्वामींचा जन्म झाला.

आणि आपलं धामापूर? सह्याद्रीवर अडून कोसळणारा तोच पाऊस इथे डोंगरांमध्ये बांध घालून साठवला आहे. हा तलाव नागेश देसाई यांनी १५३० साली बांधला असं सांगतात. काठावर श्रीदेवी भगवती. पूर्वी लग्नकार्य निघालं की परडीत फुलं घालून ती तलावात सोडायची, देवी दागिने द्यायची, कार्य झालं की ते परत करायचे. कोणीतरी परत केले नाहीत आणि देणं थांबलं, अशी आख्यायिका आहे.

आजी ही गोष्ट सांगून म्हणायची, "बाबू, घेतलला परत दिवक व्हया." तरी मी स्वतः कित्येक वर्षं घरचं निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीसकट याच तलावात सोडत आलो. पुण्य केलं असंच वाटायचं. एका उन्हाळ्यात पाणी खाली गेलं आणि काठच्या चिखलात तशा पिशव्या दिसल्या. त्यांत माझीही असणार. मान खाली गेली.

आता निर्माल्य माडाच्या आळ्यात घालतो. डोंगरावरचं रान राखलं, पाणी स्वच्छ ठेवलं, तर घेतलेलं थोडं तरी परत केलं असं होईल. यंदा पाळणा हलवताना एवढं मनात धरूया.

अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त!