फुलाचा चौकोन : क्रोशाचा पहिला धडा आणि त्याचा हिशेब

सोलापूरहून अक्कलकोटकडे जाताना वाटेत कुंभारी लागते. दक्षिण सोलापूर तालुक्यातील या गावी विडी कामगार स्त्रियांसाठी गोदूताई परुळेकर वसाहतीची दहा हजार घरे उभी राहिली. २००६ साली तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती कामगारांच्या स्वाधीन झाली. पुढे याच कुंभारीत रे नगर वसले. तेथील पहिली १५ हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी विडी, यंत्रमाग आणि इतर असंघटित कामगारांना मिळाली. डोक्यावर हक्काचे छप्पर आले, परंतु त्या छपराखाली बसून करायचे काम कोणते, हा प्रश्न पुष्कळ घरांत शिल्लकच आहे. विडीची मजुरी हजारावर मिळते आणि तंबाखूची धूळ मात्र मोजदाद न होता छातीत जाते.

अशा घरांतील भगिनींना जोडधंदा म्हणून क्रोशाचे विणकाम करता येण्याजोगे आहे. भांडवल थोडे लागते, जागा लागत नाही, मूल रडले तर काम तसेच खाली ठेवता येते. शिवाय खऱ्या क्रोशाचा जो माल बाजारात येतो तो आजही हातानेच विणला जातो. विणमागाने किंवा यंत्राने ज्याची बरोबरी होते ती केवळ दिसायला तशी असलेली जाळी असते. म्हणजे या कामात हाताला किंमत आहे. पण ती किंमत आपोआप हातात पडत नाही. म्हणून या धड्यात आम्ही दोन गोष्टी देत आहोत : फुलाचा चौकोन कसा विणावा आणि त्याचा हिशेब कसा ठेवावा.

चौकोनच का? पहिल्याच दिवशी टेबलक्लॉथ घेऊन बसणारी कंटाळते. चौकोन लहान असतो. तो बिघडला तर एवढाच उसवावा लागतो. दहा जणींनी दहा घरांत विणलेले चौकोन नंतर एकत्र जोडून उशीचे अभ्रे, दस्तरखान, पिशवी, बाळाचे दुपटे असे काहीही करता येते.

साहित्य

साडेतीन मि.मी.ची क्रोशाची सुई, मध्यम जाडीचा सुती दोरा किंवा लोकर (पिवळा, लाल व पांढरा असे तीन रंग), शेवट ओवण्यासाठी बोथट सुई, कात्री आणि मोजपट्टी. सोलापूरच्या उन्हाळ्यात वापरायच्या वस्तूंसाठी सुती दोराच बरा. लाल दोरा आणल्यावर त्याचा तुकडा ओला करून पांढऱ्या कापडावर चोळून पाहावा. रंग लागला तर तो दोरा घेऊ नये. विडीची पाने कापायची कात्री या कामास वापरू नये. तंबाखूच्या सुपाजवळ दोरा ठेवू नये आणि साबणाने हात धुऊनच बसावे, कारण लोकर वास धरते आणि गिऱ्हाईक माल आधी नाकाशी नेते.

तीन टाके

साखळी : सुईवर सरकगाठ घ्यावी. सुईला दोऱ्याचा वेढा देऊन तो वेढा गाठीच्या फासातून ओढून काढावा. एक साखळी झाली.

खांब : सुईवर आधी एक वेढा घ्यावा. सुई नेमून दिलेल्या जागेत घालून दोरा ओढून आणावा. सुईवर तीन फास होतील. दोरा घेऊन दोन फासांतून काढावा, पुन्हा दोरा घेऊन उरलेल्या दोन फासांतून काढावा.

जोडटाका : सुई जागेत घालून दोरा घ्यावा आणि एकाच ओढीत जागेतून व सुईवरील फासातून बाहेर काढावा.

हे तीन टाके हाताला सरावाचे होईपर्यंत पुढे जाऊ नये.

कृती

पहिला फेरा (पिवळा) : सहा साखळ्या घालून पहिल्या साखळीत जोडटाका घ्यावा. कडे तयार होईल. तीन साखळ्या घालाव्यात, त्या पहिला खांब समजाव्यात. कड्यात आणखी अकरा खांब घालून तिसऱ्या साखळीत जोडटाका घ्यावा. एकूण बारा खांब. दहा सें.मी. शेपूट ठेवून दोरा कापावा.

दुसरा फेरा (लाल, लहान पाकळ्या) : कोणत्याही खांबाच्या माथ्यावर लाल दोरा जोडावा. तेथेच तीन साखळ्या व एक खांब घालावा, ही पहिली पाकळी. एक साखळी घालावी. पुढील खांबाच्या माथ्यावर दोन अर्धवट खांब घालावेत. अर्धवट म्हणजे शेवटची ओढ न घेता तो फास सुईवर तसाच राहू द्यावा. सुईवर तीन फास झाले की दोरा घेऊन तिन्हींतून एकदम काढावा, मग एक साखळी. असे फेराभर करून पहिल्या पाकळीच्या माथ्यावर जोडटाका घ्यावा. बारा पाकळ्या आणि त्यांच्यामध्ये बारा फटी मोजून घ्याव्यात.

तिसरा फेरा (लाल, मोठ्या पाकळ्या) : आता पाकळ्या फटींत विणायच्या. जोडटाक्याने सरकत पुढच्या फटीत यावे. तीन साखळ्या व दोन अर्धवट खांब घालून सगळे फास एकदम मिटावेत. दोन साखळ्या घालाव्यात. पुढे प्रत्येक फटीत तीन अर्धवट खांब घालून सुईवरील चारही फास एकदम मिटावेत आणि दोन साखळ्या घालाव्यात. पुन्हा बारा पाकळ्या व बारा फटी व्हाव्यात. जोडटाका घेऊन दोरा कापावा. फूल पुरे झाले.

चौथा फेरा (पांढरा, कोपरे) : फुलाचा चौकोन येथे होतो. एका फटीत तीन खांब, दोन साखळ्या, तीन खांब घालावेत, हा कोपरा. (फेऱ्याच्या आरंभी पहिल्या खांबाऐवजी तीन साखळ्या.) पुढील दोन फटींत तीन-तीन खांब घालावेत, मध्ये साखळी नको. पुन्हा कोपरा, पुन्हा दोन फटी. असे चार वेळा झाले की बारा फटी संपतात. जोडटाका घेऊन दोरा कापावा व सगळी शेपटे उलट्या बाजूने ओवून घ्यावीत.

तपासणी सोपी आहे : प्रत्येक बाजूला एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत बारा खांब आले पाहिजेत. एक बाजू आखूड आली तर कुठली तरी फट सुटली आहे. चौकोन वाटीसारखा वळला तर हात घट्ट आहे, अर्धा मि.मी. मोठी सुई घ्यावी. कडेला लाटा आल्या तर एखाद्या फटीत खांब जास्त पडले आहेत. तयार चौकोन किंचित ओला करून जाड पुठ्ठ्यावर आखलेल्या चौकटीत टाचण्यांनी ताणून वाळवावा. लोकरीवर गरम इस्त्री फिरवू नये.

माप एकच हवे. विडीचे पान पत्र्याच्या मापाने कापणाऱ्या हाताला हे शिकवावे लागत नाही. सारखे चौकोन आले की बारा खांबांना बारा खांब लावून शिवण बसते, नाहीतर अभ्रा एका अंगाला ओढला जातो.

हिशेब

पहिले पाच चौकोन सरावाचे सोडून द्यावेत. पुढच्या दहा चौकोनांना किती वेळ लागला तो घड्याळ लावून लिहावा. दहांचे एकत्र वजन करून एकाला किती दोरा लागतो ते काढावे. हे दोन आकडे वहीत असल्याशिवाय कोणालाही भाव सांगू नये.

उदाहरण घेऊ. चौकोन दहा सें.मी.चा आला तर चाळीस सें.मी.च्या अभ्र्याला सोळा चौकोन लागतात. समजा, एका चौकोनास शेपटे ओवण्यासह २५ मिनिटे लागली. सोळांचे ६ तास ४० मिनिटे झाले. जोडणी व मागचे कापड शिवण्यास २ तास धरले तर एकूण ८ तास ४० मिनिटे. समजा, दोरा १२० रुपयांचा, कापड व चेन ६० रुपयांची आणि आपल्या तासाची किंमत आपण ४० रुपये ठरवली. मजुरी ३४७ रुपये, साहित्य १८० रुपये, मिळून ५२७ रुपये. आता कोणी म्हणाला की ३५० रुपये रोख देतो, तर साहित्य जाऊन १७० रुपये उरतात. तासाला २० रुपयेसुद्धा पडत नाहीत. ३५० रुपये हातात दिसतात, गेलेले तास दिसत नाहीत.

हे भय काल्पनिक नाही. आंध्र प्रदेशातील नरसापूरच्या स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या क्रोशाची लेस विणत आल्या आहेत. मारिया मीस या जर्मन अभ्यासक बाईंनी त्यांच्यावर लिहिलेले पुस्तक १९८२ साली निघाले. माल परदेशी जात होता, व्यापारी मोठे होत होते, पण विणणाऱ्या बाईला 'गृहिणी' म्हणून तिचे काम 'फावल्या वेळचे' ठरवले जाई आणि मजुरी अगदीच थोडी दिली जाई, असे त्यांना दिसले. विडीच्या सुपापुढून उठून त्याच जाळ्यात पुन्हा बसायचे असेल तर सुई न धरलेली बरी.

म्हणून व्यापाऱ्याचे काम घेताना चार गोष्टी आधी लिहून घ्याव्यात. एक, नमुन्याचा चौकोन दोघांकडे एकेक राहावा. दोन, दिलेला दोरा व परत आलेला माल दोन्ही तोलून घ्यावे. तीन, कोणता चौकोन नापास धरायचा ते माप आधीच ठरावे. छाटीचे दुःख विडी वळणाऱ्यांना सांगायला नको. चार, पैसे कोणत्या दिवशी मिळणार ते लिहावे. आणि एक सावधगिरी : हाती विडीचे कार्ड आणि भविष्यनिर्वाह निधी असेल तर नव्या कामाची आवक बसेपर्यंत ते घाईने सोडू नये.

मोबदल्याच्या बाबतीत इस्लामची शिकवण स्पष्ट आहे. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले. कुरआनच्या ८३ व्या सूरहमध्ये घेताना पुरेपूर मोजून घेणाऱ्या व देताना कमी देणाऱ्यांना सक्त ताकीद आहे. ती व्यापाऱ्याला लागू आहे, तशीच एक खांब चोरून चौकोन पुरा म्हणून देणाऱ्या हातालाही. उम्मुल मोमिनीन हजरत जैनब बिन्ते जहश (रजि.) स्वतःच्या हातांनी काम करीत आणि त्या कमाईतून दानधर्म करीत. हाताच्या कमाईत कमीपणा नाही. हाताचे मोल न मोजण्यात नुकसान मात्र आहे.

तेव्हा भगिनींनी या आठवड्यात एक सुई, तीन रंग आणि एक वही आणावी. सुई-दोऱ्याइतकीच ती वहीसुद्धा या धंद्याचे साहित्य आहे.