वस्तादावाचून तालीम

व्यायामाचा निश्चय करणे सोपे आहे. पहिल्या दिवशी कोणता व्यायाम करावा, तो किती वेळा करावा आणि हातात वजन किती घ्यावे, हे ठरविणे मात्र कठीण आहे. जुन्या तालमीत हा प्रश्न मुलाला पडतच नसे. लाल मातीचा हौदा, कोनाड्यात शेंदूर लावलेला मारुती आणि कडेला बसलेला वस्ताद, एवढी सामग्री असे. “आज वीस बैठका, पुरे,” असे वस्ताद म्हणाला की तेवढ्यावर थांबावयाचे.

आता व्यायामशाळेचे नाव ‘जिम’ झाले आहे. मातीच्या जागी रबरी बिछायत आली, मुदगलाच्या जागी लोखंडी चकत्या आल्या आणि मारुतीच्या जागी भिंतभर आरसे आले. शिक्षक असतो, पण त्याच्याकडून स्वतंत्रपणे शिकावयाचे तर बहुतेक ठिकाणी वेगळे शुल्क पडते. आपल्या बऱ्हाणपुरात यंत्रमागावर राबणाऱ्याच्या किंवा केळीच्या मळ्यात मजुरी करणाऱ्याच्या मुलाला हे दुहेरी शुल्क परवडावे, अशी अपेक्षा कोणी करू नये. तो मुलगा एकटाच आत शिरतो, शेजारच्या पिळदार तरुणाने जे वजन उचलले तेच उचलू पाहतो आणि चार दिवसांनी कंबर धरून घरी बसतो. कित्येकांचा व्यायाम तेथेच संपतो. म्हणून वस्तादावाचून तालीम करता येते काय, आणि येत असेल तर कशी, याचा विचार येथे करावयाचा आहे.

करता येते, याला इतिहासात चांगला दाखला आहे. औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांचे नाव सूर्यनमस्काराच्या प्रसाराशी कायमचे जोडले गेले आहे. परंतु त्यांच्या व्यायामाचा आरंभ नमस्काराने झाला नव्हता, हे थोड्यांना ठाऊक असते. त्या काळी युजेन सँडो या मल्लाची कीर्ती जगभर पसरली होती. भवानरावांनी १८९७ साली सँडोची पुस्तके व उपकरणे मागविली आणि त्यांतील सूचनांप्रमाणे सुमारे दहा वर्षे नियमाने व्यायाम केला. सँडो विलायतेत, शिष्य साताऱ्याकडील औंधात! मधला दुवा काय तो छापील पुस्तकाचा. पुढे १९०८च्या सुमारास ते सूर्यनमस्काराकडे वळले, आपल्या संस्थानातील शाळांतून त्यांनी तो सक्तीचा केला आणि त्यांच्या पद्धतीवरील इंग्रजी पुस्तक १९३८ साली लंडनला प्रसिद्ध झाले.

राजाला काय, पैसा होता आणि सवड होती, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. तथापि राजाने पैसा उधळून दहा पहिलवान पदरी ठेवले असते तरी त्याला कोणी हसले नसते. त्याऐवजी तो पुस्तकातील सूचना दिवसामागून दिवस पाळीत राहिला, यात आम्हाला विशेष वाटते. शिवाय सँडोची पद्धतही अशा शिष्याला सोयीची होती. हलकी डंबेल्स घ्यावयाची आणि आवर्तने थोडथोडी वाढवीत न्यावयाची, हा तिचा गाभा होता. पहिल्याच दिवशी मणाचे ओझे उचलावयास लावणारी पद्धत असती, तर दहा वर्षे कसली, दहा दिवसही ती टिकली नसती.

दुसरा दाखला आख्यायिकेच्या रूपाने येतो. दुसऱ्या बाजीरावाच्या पुण्यात निजामाकडील अली आणि गुलाब हे दोन मल्ल आव्हान देत आले, तेव्हा बाळंभटदादा देवधर पुढे सरसावले. वणीच्या सप्तशृंगीवर त्यांनी तपश्चर्या केली, वानराच्या हालचालींपासून त्यांना दृष्टान्त मिळाला आणि लाकडी खांबालाच प्रतिस्पर्धी कल्पून त्यांनी मल्लखांबाची विद्या सिद्ध केली, असे सांगतात. वानराचा भाग श्रद्धेचा म्हणून सोडून दिला, तरी जोडीदार नसता खांबाशी झुंजण्याची कल्पना पुरी व्यवहारी आहे. त्याच बाजीरावाने १८१८ साली मालकमपुढे शरणागती पत्करली, ती आपल्याच असीरगडच्या परिसरात. आणि मध्य प्रदेशाने मल्लखांबाला राज्यक्रीडेचा मान दिला, तो २०१३ साली. इतिहासाचे धागे असे जवळच्या जवळ गुंतलेले असतात.

असो. वस्ताद नाही म्हणजे नेमके काय नाही, ते आधी पाहू. व्यायामाचे प्रकार सांगणारे आज पुष्कळ आहेत. वस्तादाचे खरे काम निराळे होते. तो शिष्याला वेळीच थांबवी, चुकलेले अंग दुरुस्त करी आणि भार केव्हा वाढवावा ते ठरवी. एकट्याने शिकणाऱ्यास ही तिन्ही कामे स्वतःच्या शिरावर घ्यावी लागतात.

यांत थांबणे सर्वांत अवघड. पहिल्या दिवशी उत्साह दांडगा असतो आणि अंग दुखत नसते, कारण नवशिक्याचे अंग दुखू लागते ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. सवय नसलेल्या स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. ती भरून येत असताना चोवीस ते बहात्तर तासांपर्यंत ठणका राहतो. स्नायूंत आम्ल साचून हे दुखणे येते, असे पूर्वी समजत. ते मत आता मागे पडले आहे. म्हणून पहिले दोन आठवडे ‘आणखी सहज करता आले असते’ असे वाटत असतानाच उठावे. बैठकांचे दहा-दहांचे दोन फेरे, भिंतीला किंवा बाकाला हात टेकून तितकेच जोर, एवढ्यावर पहिला दिवस संपवावा. मित्र हसतील, हसू द्यावे. एकाएकी अतोनात बैठका काढल्यामुळे स्नायू विरघळून मूत्रपिंडांवर ताण आल्याची उदाहरणे वैद्यकात नमूद आहेत. व्यायामानंतर लघवी चहासारखी काळपट झाली, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता तत्काळ डॉक्टरांकडे जावे. छातीत कळ आली किंवा भोवळ आली, तरी हाच नियम.

अंगाची ठेवण दुरुस्त करण्याच्या कामी आरसा उपयोगी पडतो, पण तो स्वतःचे रूप न्याहाळण्यासाठी नव्हे. वाकून ओझे उचलताना पाठीला पोक येतो की काय, हे बाजूने पाहिल्यावाचून कळत नाही. यासाठी प्रथम केरसुणीचा दांडा किंवा साधी काठी घ्यावी. धान्याचे पोते उचलणारा अनुभवी हमाल पाहावा: तो गुडघे वाकवतो, ओझे अंगाशी आणतो आणि पायांच्या जोराने उठतो. कंबरेला हिसका देत नाही. हा धडा त्याला कोणी फळ्यावर लिहून दिलेला नसतो. पोटासाठी रोज तेच करावे लागल्याने तो अंगात मुरलेला असतो. काठीने ही हालचाल निर्दोष साधल्याखेरीज लोखंडाला हात लावू नये.

व्यायामाचे प्रकार पाहून नवशिक्या गोंधळतो, म्हणून एक सोपी वाटणी सांगतो. खाली बसून उठणे, वाकून उचलणे, ढकलणे, ओढणे आणि ओझे घेऊन चालणे, एवढ्यात माणसाच्या शरीराची बहुतेक कामे येतात. बैठकेत पहिले साधते, जोरात तिसरे. ओढण्यासाठी आपल्या पूर्वजांपाशी दोर आणि मल्लखांब होते. यंत्रांची नावे पाठ नसली तरी चालते. समोरचे यंत्र या पाचांपैकी कोणते काम करविते, एवढे ओळखले की पुरे.

भार वाढविण्याची गोष्ट मात्र सविस्तर सांगण्याजोगी आहे. ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकात मिलो नावाचा ग्रीक मल्ल होऊन गेला. तो एक वासरू रोज उचली. वासरू वाढत गेले, तसे त्याचे बळही वाढले आणि अखेर त्याने पुरा बैल उचलला, अशी कथा आहे. कथेत अतिशयोक्ती असेल, पण तत्त्व खरे आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात थॉमस डेलॉर्म या अमेरिकन डॉक्टरने जायबंदी सैनिकांचे पाय याच तत्त्वावर, मोजूनमापून भार वाढवीत, बळकट केले आणि ही पद्धत वैद्यकात रूढ झाली.

आपल्या गावच्या कुंडी भंडाऱ्याचे येथे स्मरण होते. सतराव्या शतकाच्या आरंभी, अब्दुर्रहीम खानखानाच्या अमदानीत, सातपुड्याकडून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या मार्गाने कुंडीमागून कुंडीत आणून शहराला पुरविले गेले. त्याला ना मोट, ना पंप. होता केवळ बेताचा उतार. उतार अधिक ठेवला असता तर पाण्याच्या वेगाने मार्ग खचला असता. कमी ठेवला असता तर पाणी जागीच थबकले असते. भार वाढविणाऱ्याला याहून चांगले उदाहरण आम्हाला सुचत नाही.

व्यवहारात असे करावे. ज्या वजनाने आठ आवर्तने नीट होतात आणि आणखी दोन झाली असती असे वाटते, ते वजन आपले. त्याच वजनाने सर्व फेऱ्यांत बारा आवर्तने होऊ लागली, म्हणजे उपलब्ध असलेली लहानात लहान चकती वाढवावी आणि पुन्हा आठांवर यावे. हे सारे तारीखवार वहीत लिहावे. वस्तादाच्या डोक्यात शिष्याचा जो हिशेब असे, तो या वहीत उतरतो. पहिल्या काही आठवड्यांत बळ झपाट्याने वाढते, पण दंड तेवढेच राहतात. यात निराश होण्याजोगे काही नाही. आरंभीची वाढ मुख्यतः मज्जातंतूंची असते. असलेले स्नायू एकजुटीने कामाला लावण्यास शरीर प्रथम शिकते आणि स्नायू मागाहून भरतात.

वजने उचलल्याने मुलांची उंची खुंटते, हा समज घरोघर आढळतो. योग्य रीतीने व देखरेखीखाली केलेल्या व्यायामाने असे होत असल्याचा पुरावा नाही. उलट जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनात ५ ते १७ वर्षांच्या मुलामुलींना रोज सरासरी साठ मिनिटे हालचाल आणि आठवड्यातून निदान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारा व्यायाम सांगितला आहे. मुलींचा उल्लेख आम्ही जाणून करीत आहो. त्यांना कवायतीच्या वेळी सावलीत बसविण्याची चाल अजून पुरती गेलेली नाही. शाळकरी वयात वर्ज्य असेल तर ते एकच: ‘माझ्याने जास्तीत जास्त किती उचलते’ याची पैज.

खाण्याविषयी थोडक्यात. पन्नास किलो वजनाच्या मुलाला दिवसाला सुमारे पन्नास ग्रॅम प्रथिने पुरतात. मूठभर शेंगदाण्यांत सात-आठ ग्रॅम, पेलाभर दुधात तितकेच, वाटीभर घट्ट वरणात सहा-सात आणि एका अंड्यात सहा ग्रॅम मिळतात. हा हिशेब घरच्या ताटात बसतो. त्यासाठी महागड्या भुकटीचा डबा आणण्याचे कारण नाही. आणि बळ झटपट वाढविणारी गोळी किंवा सुई कोणी पुढे केली, तर ती व्यायामशाळाच सोडावी. आमच्या जिल्ह्याच्या लाडक्या केळ्यात प्रथिने जेमतेम ग्रॅमभर असतात, हे सांगताना थोडे वाईट वाटते. पण व्यायामापूर्वी तरतरी आणण्यास ते उत्तमच. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो. त्या दिवसांत व्यायाम पहाटेच उरकावा आणि पाणी जवळ ठेवावे.

काही ठिकाणी मात्र वस्तादावाचून पाऊल टाकू नये. बाकावर उताणे पडून छातीवरून लोखंडी दांडा उचलण्याचा व्यायाम एकट्याने करू नये. हात थकला तर दांडा गळ्यावर येतो. डोक्याशी कोणी उभे नसेल, तर त्याऐवजी जोर काढावेत. कुस्तीचे डावपेच पुस्तकावरून शिकता येत नाहीत. आणि ज्या मल्लखांबाचा वर गौरव केला, त्याच्यावरील उलट्या उड्या शिकताना खाली झेलणारा जाणकार आणि पायथ्याशी गादी पाहिजेच. बाळंभटदादांचा दाखला त्या वेळी कामास येणार नाही.