तोडीनंतर उसातली साखर कुठे जाते?

उसाच्या बुडख्यावर कोयत्याचा घाव बसला की पाझरणाऱ्या रसावर काही तासांतच जिवाणू वाढू लागतात. सातारा-सांगलीत कृष्णा-वारणाकाठच्या फडांत गाळप हंगामभर हे घडते, फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात तर फार झपाट्याने. यातला मुख्य जिवाणू ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडिस. माती, पाचट, कोयत्याचे पाते, सगळीकडे तो असतो. शाबूत सालीतून मात्र त्याला आत शिरता येत नाही.

त्याची साखर खाण्याची रीत वेगळी आहे. यीस्टपासून माणसापर्यंत बहुतेकांच्या पेशी सहा कार्बनच्या ग्लुकोजचे तीन-तीन कार्बनचे दोन तुकडे करतात. त्यासाठी लागणारे अल्डोलेज हे विकर ल्युकोनोस्टॉककडे नाही. तो आधी एक कार्बन वायुरूपाने सोडतो आणि उरलेली पाच कार्बनची साखर फॉस्फोकिटोलेज या विकराने तीन आणि दोन अशी तोडतो. तीन कार्बनच्या तुकड्याचे लॅक्टिक आम्ल होते, दोनच्या तुकड्याचे अल्कोहोल किंवा ॲसेटिक आम्ल. अल्कोहोल होते तेव्हा या वाटेने ऊर्जा निम्मीच हाती लागते, त्यामुळे तेवढ्याच वाढीसाठी तो कितीतरी जास्त साखर फस्त करतो.

खरा घात पेशीबाहेर होतो. त्याचे आणखी एक विकर रसातले सुक्रोज, म्हणजेच आपली साखर, फोडते, फ्रुक्टोज मोकळे सोडते आणि ग्लुकोजचे रेणू एकमेकांना जोडून डेक्स्ट्रान हा चिकट पदार्थ बनवते. दोन-तीन दिवस बांधावर पडलेली मोळी उचलून पाहावी: कापलेले टोक तांबूस, बोटाला बुळबुळीत, वास आंबूस. कारखान्यात अशा उसाचा रस दाट होतो, नीट गाळला जात नाही, साखरेचे दाणे लांबट पडतात. शिवाय उसातलेच इन्व्हर्टेज हे विकर सुक्रोजचे विघटन करत राहते. अशा रसाचा गूळ घट्ट बसत नाही. शेतकऱ्याला फटका दोनदा बसतो. वाळून वजन घटते ते लगेच काट्यावर दिसते. घसरलेला साखर उतारा पुढे एफआरपीच्या, म्हणजे उसाच्या रास्त आणि किफायतशीर दराच्या, हिशेबात उमटतो.

उसाची जात को ८६०३२ असो वा फुले २६५, हा धोका टळत नाही. तोडणी धारदार कोयत्याने, जमिनीलगत, एका घावात करावी. ठेचलेल्या बुडख्यातून रस जास्त पाझरतो. मोळ्या चिखलात टाकू नयेत. वाहन लांबलेच तर मोळ्या सावलीत रचून पाचटाने झाकाव्यात, पण हा तात्पुरता इलाज आहे. जळीत उसाची साल तडकलेली असते आणि यंत्राने तोडलेल्या कांड्यांना कापलेली टोके अनेक, म्हणून हे दोन्ही सर्वांत आधी गाळपाला जायला हवेत. एरवीही तोडलेला ऊस २४ तासांत गव्हाणीत पडावा. वाहनाची खात्री झाल्याशिवाय फडाला कोयता लावू नये.