आधीं कोणाकडे जावें?

बालमित्रहो, रुग्णालयाच्या एका दालनांत तीन रोगी आहेत असें समजा. एक छातींतील कळेनें ओरडत आहे. दुसऱ्याच्या पायांस कांहीं दिवसांपासून सूज आहे. तिसरा मुकाट बसून आहे. पण त्याचे ओंठ निळसर पडले आहेत व एक वाक्यहि त्याला एका दमांत पुरें करवत नाहीं. परिचारिकेनें प्रथम कोणाकडे जावें?

तिसऱ्याकडे. प्रथम श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण असा शुश्रूषेचा क्रम आहे. कारण प्राणवायूवांचून मेंदूस कांहीं मिनिटांतच इजा होते. ओरडणाऱ्याचा श्वास निदान चालू आहे. तथापि ती कळ हृदयविकाराची असूं शकते, म्हणून लगेच दुसरा क्रम त्याचा. सूज थोडी थांबूं शकेल.

प्रौढ मनुष्य स्वस्थ बसला असतां मिनिटास १२ ते २० वेळां श्वास घेतो. ही संख्या २५ वर गेल्यास धोका जाणावा. घरीं असा प्रसंग आल्यास रोग्यास आडवें निजवूं नये. टेकवून बसवावें, कपडे सैल करावे व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.

पालकांनींहि ध्यानांत ठेवावें: आजोबा रात्रीं उशांवर उशा रचून बसूनच झोपूं लागले, तर तें केवळ म्हातारपण समजूं नये, वैद्यास दाखवावें. ओरडणाऱ्याचें दुःख सर्वांस ऐकूं येतें. मुक्याचें जवळ जाऊन पाहावें लागतें.