गाडीत उंदीर शिरला तर

उंदीर आपल्याला नवा नाही. कणगीतले धान्य तो खातो. पेटीतले लुगडे कुरतडतो. गणपतीच्या पायाशी बसलेला असतो म्हणून आपण त्याला हातही जोडतो. पण अलीकडे त्याचा आणखी एक उद्योग वाढला आहे. तो मोटारीत बिऱ्हाड करतो आणि तिच्या वायरी तोडतो.

तुम्ही म्हणाल, मोटारीशी आमचा काय संबंध? एके काळी मोटार चार श्रीमंतांकडेच असे. आता तसे नाही. गावोगावी ट्रॅक्टर आहेत. कोणाकडे जीप आहे, कोणाकडे मालाचा टेम्पो. मोटारसायकली तर पुष्कळ. कित्येकांचे पोटच गाडीवर आहे. गाडी एक दिवस बंद पडली की त्या दिवसाची कमाई गेली.

आम्ही नागपूरला प्रताप नगरात राहतो. हा भाग शहराच्या नैर्ऋत्येला आहे. घरांपुढे आवार, आवारात झाडे आणि कुंपणाला लागून उभ्या गाड्या. आमच्या शेजारी भाड्याची मोटार चालवणारे एक गृहस्थ राहतात. मूळचे उमरेडकडचे शेतकरी. गेल्या हिवाळ्यात ते तूर कापायला आठ दिवस गावी गेले. गाडी भिंतीला लागून उभी होती. परत आल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे गिऱ्हाइकाला स्टेशनवर पोचवायचे होते. किल्ली फिरवली. समोर तांबडा दिवा लागला आणि इंजिन गप्प.

"गुरुजी, गाडी चालूच नाही होऊन राहिली जी. आठ दिवसांमागं तं चांगली होती!"

गिऱ्हाईक रिक्षाने गेले. मिस्त्री आला. त्याने बॉनेट उघडले. बॅटरीच्या मागे घरटेच होते! गोणपाटाचे धागे, वाळकी पाने, पोळीचे तुकडे, संत्र्याची साल. शेजारी चार वायरी तुटलेल्या.

"काहून खाते हा वायर? याच्यात काय चव आहे?" त्यांनी विचारले.

प्रश्न चांगला आहे. उत्तर उंदराच्या तोंडात आहे. त्याचे पुढचे चार दात, वर दोन आणि खाली दोन, जन्मभर वाढत राहतात. वर्षात चार-पाच इंच वाढतात. ते झिजले नाहीत तर तोंड मिटणार नाही आणि उंदीर उपाशी मरेल. म्हणून तो सारखा काही ना काही कुरतडतो. लाकूड, प्लास्टिक, साबण, काहीही. त्या दाताची पुढची बाजू फार कठीण असते आणि मागची मऊ. मऊ बाजू लवकर झिजते. त्यामुळे दाताला सुताराच्या पटाशीसारखी धार आपोआप येते. अशा दातांपुढे वायरीवरचे मऊ आवरण किती टिकणार? आजच्या मोटारीतल्या सगळ्या वायरी सांधल्या तर किलोमीटरभराहून जास्त लांब होतील. उंदराला तोटा कसला!

काही लोक म्हणतात, हल्ली वायरीच्या आवरणात सोयाबीनचा अंश घालतात, म्हणून उंदीर ते खातो. अमेरिकेत यावरून मोटार कंपन्यांवर खटलेही झाले. आपला मुलूख सोयाबीनचा, तेव्हा ही गोष्ट ऐकायला गंमत वाटते. पण सोयाबीन नव्हते तेव्हाही उंदीर वायरी तोडतच होते. आम्हाला तर वाटते, दोष चवीचा नाही, दोष जागेचा आहे.

पाहा ना. दिवसभर चाललेल्या गाडीचे इंजिन रात्री उशिरापर्यंत ऊबदार असते. नागपुरात हिवाळ्यात काही रात्री पारा १० अंशांच्या खाली उतरतो. आत कुत्रे पोचत नाही. वर झाकण, चारी बाजूंनी आडोसा. आणखी काय हवे? पावसाळ्यात बिळात पाणी शिरले की उंदीर कोरडी जागा शोधतो. पीक निघाले, शेत मोकळे झाले, की तो घराकडे वळतो. त्या दिवसांत तुमचा ट्रॅक्टरही गोठ्याशेजारी उभाच असतो. चाकावरून चढायचे आणि आत जायचे. लहान उंदराला पेन्सिलीएवढे भोक पुरते. शहरात खारीही बॉनेटखाली घरटे करतात.

नुकसान नुसते पैशाचे असते तर एवढे लिहिले नसते. आवरण निघालेल्या दोन उघड्या तारा एकमेकींना चिकटल्या तर ठिणगी उडते. उंदीर रबराची नळीही सोडत नाही. पेट्रोलची नळी कुरतडलेली, खाली वाळक्या पानांचे घरटे आणि वर ठिणगी. मग काय होईल ते सांगायला नको. म्हणून गाडीत पेट्रोलचा वास आला किंवा बॉनेटखाली लेंड्या नि चिंध्या दिसल्या, तर किल्ली फिरवून पाहू नका. बॅटरीची वजा खुणेची तार काढा आणि मिस्त्रीला बोलवा. फ्यूज जळाला असेल तर त्या जागी साधी तार घालू नका. फ्यूज जळतो तो गाडी जळू नये म्हणून. तुटलेली वायर पीळ देऊन, वर चिकटपट्टी लावून भागवणारे बरेच असतात. ते काम चार दिवसांचे. वायर डाख देऊन सांधून घ्यावी आणि वर नळीचे आवरण चढवून घ्यावे. ब्रेकच्या नळ्याही त्याच वेळी पाहून घ्याव्यात.

आता उपाय. पहिला उपाय गाडीत करायचाच नाही, गाडीभोवती करायचा आहे. आमच्या शेजाऱ्यांच्या गाडीमागे विटांचा ढीग होता, जुनी गोणपाटे होती. पलीकडे पाखरांना रोज दाणे टाकत. गाडीत डब्यातली पोळी सांडलेली होती. उंदराला घर, अंथरूण, जेवण सगळे एका जागी! त्यांनी ढीग हलवला. दाणे सकाळी टाकून उरलेले संध्याकाळी झाडून घेऊ लागले. गाडी भिंतीपासून तीन हात दूर उभी केली. गावाला जायचे तर दोन-तीन दिवसांआड कोणीतरी गाडी चालवावी, अशी व्यवस्था केली. आवाराला फाटक आहे, म्हणून पाऊस नसेल त्या रात्री बॉनेट उघडे ठेवतात. उजेड आणि वारा लागला की उंदराला ती जागा नकोशी होते. पहाटे निघताना बॉनेटवर दोन थापा मारतात. आत मांजर झोपलेले असले तर तेही जिवानिशी वाचते. पंख्याची हवा आत येते त्या तोंडावर मिस्त्रीकडून बारीक लोखंडी जाळी बसवून घेतली. ट्रॅक्टरलाही हेच लागू आहे. त्याच्याशेजारी कडबा आणि सरकीची पोती रचू नका.

पिंजरा लावावा, पण नीट लावावा. उंदीर मोकळ्या अंगणातून धावत नाही, भिंतीच्या कडेकडेने जातो. पिंजरा तिथेच ठेवा. आणखी एक, उंदीर नव्या वस्तूला भितो. म्हणून पहिले दोन-तीन दिवस पिंजऱ्याचे दार बांधून उघडे ठेवा आणि आत भज्याचा किंवा भाजलेल्या खोबऱ्याचा तुकडा ठेवा. तो निर्धास्त खाऊ लागला की चाप चढवा. आमच्या गल्लीत लोक पहिल्याच रात्री चाप चढवतात आणि सकाळी म्हणतात, आमचे उंदीर फार हुशार आहेत.

तंबाखूची पुडी, डांबर गोळ्या, पुदिन्याचे तेल, हे सगळे लोक करून पाहतात. इंजिनाच्या उष्णतेने वास थोड्याच दिवसांत उडून जातो. कागदाची पुडी तापलेल्या नळीवर पडली तर तीच पेटायची. माणसाला ऐकू न येणारा आवाज काढणारे यंत्रही मिळते. उंदीर काही दिवस बिचकतो, मग त्या आवाजाला सरावतो. वायरीला गुंडाळायची तिखटाचा अंश असलेली पट्टी मात्र त्यातल्या त्यात कामाची दिसते.

विषाबद्दल थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. धान्याच्या कोठारात वापरतात ती गोळी, लोक तिला सल्फास म्हणतात, काही जण गाडीत नाहीतर खाटेखाली ठेवतात. हे कदापि करू नका! हवेतल्या ओलीने त्या गोळीतून फॉस्फिन नावाचा विषारी वायू सुटतो. बंद जागेत तो माणसालाही मारतो. त्याच्यावर उतारा नाही. ही गोळी वाटेल त्याने वापरावी अशी सरकारची परवानगीच नाही. दुकानात रंगीत वडीसारखे विष मिळते, ते मुलांना खाऊ वाटते. चुकून कोणी खाल्लेच तर घरगुती औषधात वेळ घालवू नये. विषाचे पाकीट बरोबर घेऊन लगेच दवाखाना गाठावा. शिवाय विष खाल्लेला उंदीर गाडीच्या सांदीत मरतो. त्याचा वास दिवसेंदिवस जात नाही. तो उंदीर खाऊन मांजर किंवा घुबडही मरू शकते. शेतातली धामण आणि गव्हाणी घुबड हे आपले फुकटचे राखणदार आहेत. त्यांना मारून आपण उंदरांचीच सोय करतो.

घरटे काढतानाही जपावे. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस नावाचा ताप पसरतो. हाताला जखम असली तर रोगाचे जंतू तिथून शिरतात. हातात रबरी मोजे घालावेत, नाकाला फडके बांधावे. आधी घरट्यावर साबणाचे पाणी शिंपडून ते भिजवावे. पाच-दहा मिनिटांनी उचलावे. कोरडे झाडू नये, धूळ नाकात जाते. मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नये. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हापासून घरात उंदीर पडला की लोक गाव सोडून रानात राहायला जात. उंदराच्या अंगावरच्या पिसवा तो रोग माणसाला देत. १८९७ साली पुण्याला प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले त्याच रोगाने गेल्या. १९९४ साली आपल्या बीड जिल्ह्यातही प्लेग दिसला होता.

नुसते मारून उंदीर संपत नाही. मुंबईची महानगरपालिका रात्री उंदीर मारायला माणसे ठेवत आली आहे. तरी मुंबईत उंदीर आहेतच. मादी तीन आठवड्यांत विते, एका वेळी सहा-आठ पिले होतात आणि ती पिले तीन महिन्यांत स्वतः विऊ लागतात.

आता राहिला खर्च. आमच्या शेजाऱ्यांनी विम्याचा कागद काढून वाचला. तो फक्त दुसऱ्याच्या नुकसानभरपाईचा विमा होता. त्यात आपल्या गाडीचे नुकसान धरलेलेच नसते. पूर्ण विमा असला तरी उंदराने केलेले नुकसान त्यात धरले आहे की नाही, हे कागदावर पाहावे लागते. एजंट तोंडी काय सांगतो त्यावर जाऊ नका. तुम्हाला आता वाचता येते. कागद मागून घ्या, बारीक अक्षरातला मजकूर सावकाश वाचा, अडले तिथे बोट ठेवून विचारा आणि मग सही करा.