कामगारांच्या बोटांची सुरक्षा : हातमोजे, यंत्ररक्षण आणि कायदा

बंगळुरूच्या वायव्येस, तुमकूर मार्गालगत पसरलेली पीण्या औद्योगिक वसाहत ही देशातील लघुउद्योगांच्या मोठ्या वसाहतींपैकी एक आहे. हिंदुस्थान एअरक्राफ्ट (१९४०), इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज (१९४८), हिंदुस्थान मशीन टूल्स (१९५३) आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स (१९५४) या सार्वजनिक उद्योगांमुळे या शहरात कुशल कारागिरांची एक पिढी घडली. त्यानंतर सुटे भाग पुरविणाऱ्या लहान कारखान्यांचे जाळे विणले गेले. पत्रा कापणे, त्याला भोके पाडणे, तो वाकविणे, ओतकाम, जोडकाम ही या कारखान्यांतील नित्याची कामे. या कामांत कामगाराच्या शरीराचा जो अवयव यंत्राच्या सर्वांत जवळ जातो, तो म्हणजे हाताची बोटे. पीण्याप्रमाणेच पुण्याजवळील भोसरी, चाकण किंवा हरियाणातील मानेसर येथेही परिस्थिती याहून वेगळी नाही.

बोट चिरडण्याच्या अपघातांचे दोन प्रकार वेगळे ओळखले पाहिजेत, कारण त्यांवरील उपायही वेगळे आहेत. पहिला प्रकार माल हाताळतानाचा. ओतीव भाग, लोखंडी नळ, वायूचे सिलिंडर किंवा साचे उचलताना व रचताना बोट दोन जड वस्तूंमध्ये सापडते, अथवा हातोड्याचा घाव चुकतो. दुसरा प्रकार यंत्रातील. पॉवर प्रेसचा वरचा भाग, म्हणजे पंच, खाली येत असताना हात डायमध्ये राहिलेला असतो.

पहिल्या प्रकारात आघातरोधक हातमोजे खरोखर उपयोगी पडतात. अशा मोज्यांच्या पाठीवर आणि बोटांवर रबरासारख्या लवचीक पदार्थाच्या जाड पट्ट्या बसविलेल्या असतात. त्या आघाताची ऊर्जा शोषून घेतात आणि बल मोठ्या क्षेत्रावर पसरवितात. मात्र मोजा विकत घेणाऱ्याने त्यावरील चिन्ह वाचावयास हवे. ईएन ३८८ या युरोपीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत आघातरोधाची चाचणी ऐच्छिक असून उत्तीर्ण मोज्यावर ‘पी’ हे अक्षर छापले जाते. परंतु ही चाचणी हाताच्या पाठीच्या भागापुरती आहे, बोटांची नाही. अमेरिकेत २०१९ मध्ये आलेल्या एएनएसआय/आयएसईए १३८ या मानकात बोटे व बोटांची मुळे यांचीही चाचणी होते आणि मोज्यांना तीन स्तर दिले जातात. दोन्हीकडे आघाताची ऊर्जा ५ ज्यूल असते, म्हणजे अडीच किलोग्रॅमचे वजन सुमारे २० सेंटिमीटर उंचीवरून पडावे इतकी. अमेरिकी मानकाच्या सर्वोच्च स्तरात मोज्याखाली पोहोचणारे सरासरी बल ४ किलोन्यूटनपेक्षा अधिक असून चालत नाही.

हे आकडे पॉवर प्रेसच्या शेजारी ठेवले की मोज्याची मर्यादा कळते. ५० टन क्षमतेची मध्यम आकाराची प्रेस सुमारे ४९० किलोन्यूटन बल देऊ शकते. शिवाय ते बल क्षणभराच्या ठोक्याचे नसून पंच तळापर्यंत पोहोचेपर्यंत टिकून राहणारे असते. बाजारातील कोणताही मोजा या बलापासून बोट वाचवू शकत नाही. उलट जाड मोज्यामुळे स्पर्शाची जाणीव कमी होते आणि लहान तुकडा डायमध्ये ठेवावयास अधिक वेळ लागतो. लेथ व ड्रिल यांसारख्या फिरत्या यंत्रांवर तर मोजा घालणेच धोक्याचे, कारण मोज्याचा कापडी भाग गुंडाळला गेला की हात आत ओढला जातो. तरीही अपघातानंतर अनेक ठिकाणी पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘कामगाराने मोजे घातले होते का?’ हा प्रश्न विचारणाऱ्यास सोयीचा आहे, एवढेच म्हणता येईल.

औद्योगिक सुरक्षाशास्त्रात उपायांची एक उतरंड मानली जाते. धोका मुळातच काढून टाकणे, धोकादायक पद्धत बदलणे, यंत्रावर संरक्षक साधन बसविणे, कामाचे नियम व प्रशिक्षण, आणि सर्वांत शेवटी मोजे, शिरस्त्राण, चष्मा ही व्यक्तिगत साधने. परीक्षार्थींनी हा क्रम लक्षात ठेवावा. लहान कारखान्यांत तो बहुधा उलटा झालेला आढळतो, कारण शेवटचा उपाय सर्वांत स्वस्त असतो.

पॉवर प्रेसबाबत या उतरंडीचा अर्थ असा. जुन्या यांत्रिक प्रेसमध्ये चावीचा क्लच असतो. तो एकदा गुंतला की पंच पूर्ण फेरा केल्याशिवाय थांबत नाही आणि चावी झिजली तर पेडल न दाबताही दुसरा ठोका पडू शकतो. अशा प्रेसवर डायभोवती हात जाणार नाही असे जाळीचे स्थिर आच्छादन आणि तुकडा सरकविण्यासाठी चिमटा वा सरकती तबकडी हाच भरवशाचा उपाय ठरतो. हवेच्या दाबावर चालणारा क्लच व ब्रेक असलेली प्रेस मध्येच थांबविता येते. तिला दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबावयाची बटणे किंवा प्रकाशपडदा बसविता येतो. प्रकाशपडद्याच्या मांडणीत हाताचा वेग सेकंदाला २ मीटर धरतात. प्रेस थांबावयास ०.१ सेकंद लागत असेल तर पडदा डायपासून किमान २० सेंटिमीटर दूर असला पाहिजे. पडदा याहून जवळ बसविला, तर तो असूनही नसल्यासारखाच.

मग ही साधने सर्वत्र का दिसत नाहीत? येथे प्रश्न अर्थशास्त्राचा होतो. मोठ्या कंपनीला भाग पुरविणाऱ्या लघुउद्योजकास दर नगामागे ठरावीक रक्कम मिळते आणि आच्छादनामुळे ठोक्यांची संख्या घटेल अशी त्याला भीती असते. कामगार पुष्कळदा परप्रांतीय आणि कंत्राटदारामार्फत आलेला असतो. यंत्राचा धोका मालकास ठाऊक असतो, कामगारास नसतो. गुरुग्राम येथील ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून ‘क्रश्ड’ या अहवालमालेतून वाहन उद्योगाच्या पुरवठासाखळीतील अशा अपघातांची नोंद करीत आहे. बोटांच्या दुखापतींत पॉवर प्रेसचा वाटा मोठा असल्याचे आणि अनेक कामगारांना राज्य विमा योजनेचे ओळखपत्र अपघातानंतरच मिळाल्याचे त्यात दाखविले आहे.

बोटाची किंमत कायद्यानेही ठरविली आहे. कामगार नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ (२००९ च्या दुरुस्तीनंतर कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम) याच्या पहिल्या अनुसूचीनुसार अर्जनक्षमतेची हानी अंगठ्यासाठी ३०, पूर्ण तर्जनीसाठी १४, मधल्या बोटासाठी १२ आणि अनामिका वा करंगळीसाठी ७ टक्के धरली जात असे. एका हाताची दोन बोटे गेल्यास मात्र हानी २० टक्केच, म्हणजे तर्जनी व मधले बोट यांच्या स्वतंत्र आकड्यांच्या बेरजेपेक्षा कमी. २५ वर्षांच्या कामगाराची तर्जनी गेली, तर २०२० च्या अधिसूचनेतील १५,००० रुपये या वेतनमर्यादेनुसार हिशेब असा : वेतनाच्या ६० टक्के म्हणजे ९,००० रुपये, गुणिले वयाचा घटक २१६.९१, गुणिले १४ टक्के, म्हणजे सुमारे २ लाख ७३ हजार रुपये. त्या कामगारापुढे कामाची तीस-पस्तीस वर्षे उरलेली असतात.

कर्मचारी राज्य विमा योजनेत समाविष्ट असलेल्यास ही रक्कम वेगळी मागता येत नाही. त्यास तात्पुरत्या अपंगत्वात वेतनाच्या ९० टक्के आणि कायम अपंगत्वात हानीच्या प्रमाणात मासिक लाभ मिळतो. कामावर रुजू झाल्याच्या पहिल्या दिवसापासून तो हक्क असतो. परंतु जुलै २०१९ पासून मालकाची वर्गणी सरसकट ३.२५ टक्के आहे, मग तो पॉवर प्रेस चालवीत असो वा उपाहारगृह. जर्मनीत १८८४ च्या अपघात विमा कायद्यापासून धोक्याच्या वर्गानुसार वर्गणी आकारली जाते. तेथे सुरक्षित यंत्राचा लाभ मालकाच्या हिशेबात दिसतो. आपल्याकडे तो दिसत नाही, हा रचनेतील दोष आहे.

कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये यंत्रास कुंपण घालण्याचे बंधन कलम २१ मध्ये होते आणि कलम २६ नुसार ठरावीक भाग उघडे असलेले यंत्र विकणाराही दोषी ठरत असे. व्यवसाय सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आणि जुन्या अधिनियमाची जागा तिने घेतली. विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी कामगारांची किमान संख्या १० वरून २० झाली. सुरक्षा अधिकारी नेमण्याची मर्यादा १,००० वरून ५०० वर आली. यंत्ररक्षणाचा तपशील आता मुख्यतः मानके व नियम यांवर सोपविलेला आहे. १० ते १९ कामगारांचे युनिट ‘कारखाना’ राहत नसले तरी ‘आस्थापना’ राहते आणि मालकाची सर्वसाधारण कर्तव्ये त्यास लागू होतात. त्यांत प्रत्येकास नियुक्तिपत्र देणे आणि सुरक्षासाधनांचा खर्च कामगाराकडून न घेणे यांचा समावेश आहे. पीण्यातील लहान प्रेसशॉपमध्ये मोजे फाटले की नवे कोणाच्या पैशाने येतात, हे या दुसऱ्या तरतुदीच्या अंमलबजावणीवरून कळेल.